तीन तासांचा पापुद्रा

आमच्या चाळीतले डॉक्टर माणसाचे दात बघायचे, चेहरा बघायचेच नाहीत. चार वर्षं आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो, जिन्यात रोज गाठ पडायची, पण या गृहस्थांना माझं नाव काही पाठ झालं नाही. "काय, वरचे मधले दोन, शाळेत निघालात?" असं विचारायचे. माझी आई म्हणजे "डावी अक्कलदाढ". मामा म्हणजे "खालची फट". तोंड मिटून शेजारून गेलं तर ओळखच द्यायचे नाहीत. सुरुवातीला मला वाटलं, काय शिष्ट माणूस आहे मेला! मग एकदा जांभई देत जिना उतरत होते, तर लगेच हसून नमस्कार.

डॉक्टर म्हणायचं आपलं सगळे म्हणायचे म्हणून. पदवीबिदवी काही नव्हती. गिरगावात एका दंतवैद्याकडे पंधरा वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या, साचे ओतले, आणि तिथून सुटून लालबागला आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली. दारावर पाटी होती, "दातांचे काम". बस्स, एवढीच. खाली मसाला कुटायचं दुकान. दुपारी तिथे मिरच्या पडल्या की अख्खी चाळ शिंकायची, आणि डॉक्टर पायाने चालवायचं आपलं यंत्र थांबवून स्वस्थ बसायचे. "शिंकणाऱ्याच्या तोंडात चाक फिरवू नये," म्हणायचे. मग शिंका थांबेपर्यंत पेशंट आ वासून खुर्चीत आणि डॉक्टर खिडकीत.

खोलीत आरसा नव्हता. दातांच्या डॉक्टराकडे आरसा नाही, म्हणजे सांगा! कोणी मागितलाच तर म्हणायचे, "आरशात माणूस हसत नाही हो, दात विचकतो. मला त्याचा काय उपयोग?" त्यांना हवं असायचं खरं हसू, कारण हसताना ओठ कुठवर वर जातो ते त्यांना मोजायचं असे. त्यासाठी त्यांच्याकडे एक विनोद होता. एकच. तो असा: "एका माणसाचा दात दुखत होता, आणि दुसऱ्याचा दुखत नव्हता." झाला विनोद. पेशंट बिचारा तोंडाकडे बघत राही. मग डॉक्टर स्वतःच ओठ घट्ट मिटून, खांदे गदागदा हलवत हसायला लागत, आणि ते बघून समोरच्याला असं काही हसू फुटे की आवरता आवरत नसे. तेवढ्यात डॉक्टरांची पट्टी त्याच्या ओठाला लागलेली असे.

फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. अर्ध्या लालबागच्या बत्तिशा तिथे होत्या. आणि एक गोळ्या-बिस्किटांचा जुना डबा होता, त्यात दातांच्या रंगाचे नमुने. नावं त्यांनीच ठेवलेली. ओलं खोबरं, सुकं खोबरं, साबुदाणा, गिरणीचा चहा, मिश्री एक, मिश्री दोन. एकदा दादरच्या स्टुडिओतला कोणी नट आला आणि म्हणाला, मला एकदम पांढरे शुभ्र करून द्या. डॉक्टर म्हणाले, "एवढं पांढरं लग्नाआधी भिंतीला देतात. तुम्हाला गिरणीचा चहाच बरा." तो तणतणत गेला. आठवड्याने परत आला आणि गिरणीचा चहा लावून गेला.

हा जो लावायचा प्रकार होता ना, त्याला डॉक्टर पापुद्रा म्हणायचे. गिरगावातल्या त्यांच्या साहेबांकडे स्टुडिओतली माणसं यायची, तिथे ते शिकले. पुढच्या दातांचा साचा घ्यायचा, त्यावर प्लास्टिकची कांद्याच्या सालीएवढी पातळ खोळ घडवायची आणि कवळीच्या डिंकाच्या पावडरने ती दातावर चिकटवायची. वाकडा, काळा, फटीचा, कसाही दात असो, वरून झकास. पण तीन तास. त्यानंतर डिंक सुटू लागतो. चावायचं नाही, गरम प्यायचं नाही, मोठ्याने ओरडायचंही नाही.

ज्याला हे कळत नसे त्याला डॉक्टर आपल्या टेबलाशी नेत. टेबल दिसायला सागवानी. एक कोपरा उचकटलेला होता, तो नखाने वर करून दाखवत. वर सागवानाचा पातळ पत्रा, खाली खोक्याचं लाकूड. डॉक्टरांचे वडील रे रोडच्या लाकडाच्या वखारीत होते, टेबल त्यांच्या हातचं. "वखारीत याला व्हिनियर म्हणतात आणि माझे साहेब दाताच्या पापुद्र्यालाही व्हिनियरच म्हणायचे," डॉक्टर सांगत. "पत्रा चांगला आहे, लबाडी नाही त्यात. पण खालच्या लाकडाला वाळवी लागलेली असली तर आधी वाळवी काढायची. वरून पत्रा मारून मोकळं व्हायचं नाही." आणि खरंच, किडका दात असला तर आधी तो साफ केल्याशिवाय पापुद्र्याचं नाव काढू देत नसत.

तीन तासांचा नियम पाळला जातो की नाही, हे बघायला डॉक्टर जातीने जात. त्याला कारण घडलं होतं. परळच्या कामगारांच्या नाटकात काम करणाऱ्या एकाने प्रयोग संपल्यावर पापुद्र्यासकट पेढा खाल्ला. पेढाही गेला, पापुद्राही गेला. त्याला काही झालं नाही, तो ठणठणीत. पण डॉक्टरांचं अन्न तुटलं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ परळला चालत जाऊन त्याच्या बायकोला विचारायचे, "आला का?" शेवटी आला तेव्हा कुठे घरी येऊन जेवले. तेव्हापासून ठरलं. पापुद्रा लावणार डॉक्टर आणि काढणारही डॉक्टरच. कोटाच्या खिशात गजराचं घड्याळ ठेवायचे. दोन पेशंट असले तर दोन खिशांत दोन घड्याळं. असे टिकटिकत ते लालबागच्या रस्त्याने जात, आणि लोक वळून बघत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगाव पेटलेलं. मामा गिरणीतून सुटला की सरळ मोर्च्यात, जेवणाचीही शुद्ध नाही. आणि डॉक्टर? मला वाटायचं या माणसाला कशाचंच सोयरसुतक नाही. पण नाही हो, ते प्रत्येक सभेला जायचे. अगदी पुढे, जमिनीवर. परत आले की मामा विचारी, "काय डॉक्टर, कसं झालं भाषण?" डॉक्टर म्हणत, "उजवीकडची दाढ किडलीय त्यांची. डाव्या बाजूनेच बोलतात. आवाज चांगला आहे पण." मामा कपाळाला हात लावी. एकदा त्याने चिडून विचारलं, "अहो, मुंबई आपल्याला मिळणार की नाही, ते बोला ना!" डॉक्टरांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "मिळणार. ओरडणाऱ्या पोरांचे दात फार चांगले आहेत." मामाने त्यांना त्या दिवशी आमच्याकडे जेवायला घातलं. लाठी लागून कोणाचा दात पडला तर डॉक्टर आधी त्याला खुर्चीत घेत, मग बाकीचे पेशंट कितीही बोंबलोत.

आता माझं सांगते. माझ्या वरच्या मधल्या दोन दातांवर तपकिरी पट्टे होते. जन्माचे नाहीत. गावाला असताना तीन वर्षांची होते तेव्हा मला ताप आला, तो दीड महिना उतरला नाही. डॉक्टरांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं, "त्या वेळी तुमचे हे दात हिरडीच्या आत तयार होत होते. तापाने त्यांचं काम बिघडलं. तुमची काही चूक नाही." बावीस वर्षांची झाले होते मी, आणि तोवर मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दात घासत नसेल, एवढंच लोक म्हणायचे. मी कोळशाने, राखेने, मिठाने हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले होते. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून मी खूप रडले. डॉक्टर म्हणाले, "रडताना ओठ किती खाली येतो, तेही लिहून घेतो."

मुलं बघायला येत आणि नाही म्हणून जात. पाच झाली. पाचव्याच्या काकाने तर जिन्यातच, आम्हाला ऐकू येईल असं सांगितलं, "मुलगी देखणी आहे, पण तोंड उघडलं की संपलं." मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीला शिकवत होते, पोरं मला 'बाई बाई' करून लुगडं ओढायची, तेवढ्यावर मी आयुष्य काढलं असतं. पण घरचा कर्ता मामा, त्याने आपला निर्णय सांगितला. काळाचौकीचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा गिरणीत कारकून. हे जमलं तर उत्तम. नाहीतर भायखळ्याच्या भाजीबाजारात एक गाळेवाला बिजवर होता, पंचेचाळिशीचा, दोन मुलांचा. त्याला दातांचं काही नव्हतं. त्याला भाकऱ्या हव्या होत्या. मामाने त्याला शब्द दिलेला होता की महिनाअखेर कळवतो. मामा वाईट नव्हता, थकला होता. मी मात्र त्या गाळेवाल्याची नुसती आठवण आली की ताटावरून उठायचे.

तेव्हा आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी म्हटलं, "कायमचेच करून टाका." डॉक्टर एकदम ताठ झाले. "कायमचं म्हणजे दात घासून बारीक करायचा आणि वर टोपी बसवायची. घासून मी देईन. पण घासलेला दात पुन्हा वाढवून द्यायची सोय माझ्याकडे नाही. तुमचे दात भक्कम आहेत. रंग बिघडलाय, दात नाही." शेवटी ठरलं, बघण्यापुरता पापुद्रा. नमुना निवडला सुकं खोबरं.

बघण्याचा कार्यक्रम चार वाजता. साडेतीनला डॉक्टरांनी पापुद्रा चिकटवला, डाव्या खिशातलं घड्याळ लावलं आणि म्हणाले, "साडेसहाला येतो." उजव्या खिशातही टिकटिक चालू होती. असेल कोणीतरी नट, मला काय! घरी येऊन मी पितळी तांब्यात तोंड बघितलं. तांब्यात सगळंच वाकडं दिसतं, पण मला इतका आनंद झाला की मी तो तांब्या खाली ठेवीना.

चार वाजले. पाच वाजले. पाहुण्यांचा पत्ता नाही. रस्त्याने मोर्चा चालला होता, घोषणांनी चाळीच्या खिडक्या थरथरत होत्या, आणि मामा दारात उभा राहून तळमळत होता, कारण भाचीपायी त्याचा मोर्चा बुडत होता. साडेपाचला मंडळी आली. मोर्च्यात अडकली होती म्हणे. मुलगा, त्याची आई आणि एक काका. मुलाने तोंडावर रुमाल धरलेला. त्याची आई खालमुंडी बसली होती, काका मात्र आल्या आल्या सुरू झाला, "सगळी दुनिया 'झालाच पाहिजे' म्हणून ओरडतेय आणि आमचा हा तोंड शिवून चालतोय! लोक बघायला लागले हो. मला लाज वाटली." मामाचा चेहरा पडला. मोर्च्यात गप्प राहणारा जावई त्याला कसा चालणार?

आईने पोहे आणले, चहा आणला. मुलाने रुमाल काढला. हसला. दात चांगले होते. पण पोह्याला हात लावीना. "घ्या ना," आई म्हणाली. त्याने ओठ न उघडता मान हलवली. चहाच्या कपावर साय धरली. आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही रीत ठरलेली होती. मुलगी पसंत नसेल तर मुलगा पोहे खात नाही, तोंडाने नकार द्यायची वेळच येऊ देत नाही. मामाने आईकडे बघितलं. मी खाली मान घालून गाळेवाल्याच्या चुलीपुढे बसल्यासारखी बसले.

"नाव काय गो तुझा?" मुलाच्या आईने विचारलं. मी ओठ जेमतेम हलवत नाव सांगितलं. तिने मुलाकडे वळून विचारलं, "तुका काय विचारूचा हा?" तोही तसाच ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. एवढ्यात जिन्यात घणघण गजर वाजायला लागला.

डॉक्टर धापा टाकत दारात. एका खिशात गजर वाजतोय, दुसऱ्या खिशात टिकटिक. "तीनवाला सापडत नाही हो!" ते मला म्हणाले, तेही अख्ख्या बैठकीसमोर. "काळाचौकीला जाऊन आलो, घराला कुलूप! शेजारी म्हणतात लालबागला मुलगी बघायला गेला. सहाला काढायचा होता, हे वाजले सहा! त्याने काही खाल्लं तर?" आणि त्यांची नजर खोलीभर फिरली, ती मुलाच्या तोंडावर थांबली. "अहो! हे तर इथेच! दाखवा. हां, आहे जागेवर. डावी अक्कलदाढ, कोमट पाण्यात मीठ घालून आणा. आणि वरचे मधले दोन, तुमचंही अर्ध्या तासावर आलंय, एकदमच काढून टाकू."

मी जागेवरच मेले. आईने मान खाली घालून पाणी आणून ठेवलं. पण डॉक्टरांना यात काय लपवायचं, हे कधी कळलंच नव्हतं. पापुद्रा वेळेवर निघाला की जग जागेवर, एवढंच त्यांचं गणित. त्यांनी मुलाला गुळण्या करायला लावल्या, बोट फिरवलं आणि त्याचा पापुद्रा हातावर घेतला. खाली समोरचा एक दात काळाठिक्कर. मग माझा.

"अगो बाय!" मुलाच्या आईने माझे पट्टे बघून तोंडावर हात ठेवला. "ही फसवणूक झाली!" काका म्हणाला. मामा उसळला, "आणि तुमचा काय हिरा आहे काय? काळा दात झाकून बोहल्यावर चढवणार होतात!" काकाने टोपी उचलली. आता ही माणसं उठणार आणि उद्या भायखळ्याला निरोप जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि तेवढ्यात मुलाच्या आईला सुचलं. ती मामाला म्हणाली, "तो दात आमच्या झिलाचो असोच नाय काळो झालो! मोर्च्यात लाठी लागान काळो पडलो हा. संयुक्त महाराष्ट्रासाठी!"

मामा एका क्षणात विरघळला. खरं सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाठी खाल्लीत?" म्हणत तो उठला, हात जोडले, मुलाला मिठीच मारणार होता. काका लगेच सावरून बसला आणि मान डोलवायला लागला. सगळं जमलंच होतं. मुलाने नुसतं गप्प बसायचं होतं.

तो म्हणाला, "लाठी नाही, मामा. नळावर भांडण झालं पाण्यावरून, त्यात बादली लागली. एका म्हातारीची बादली होती. आणि चूक माझीच होती, मी मधे घुसलो."

मामाचे हात तसेच जोडलेले राहिले. मुलाच्या आईने कपाळ बडवून घेतलं. काका म्हणाला, "चला, उठा आता." डॉक्टर आपले दोन्ही पापुद्रे पाण्यात धूत होते, ते मान वर न करता म्हणाले, "बादलीचंच आहे ते. लाठीने असा काळा पडत नाही, सरळ तुटतो."

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाच वेळा मी त्या बैठकीत मान खाली घालून बसले होते आणि एकदाही मला कोणी काही विचारलं नव्हतं. या मुलाला फुकटात मोठेपण मिळत होतं, मुलगी मिळत होती, आणि त्याने म्हातारीची बादली पुढे केली. असा माणूस मला हवा होता. बाकी कोणी नको होता. मी मान वर केली, तोंड चांगलं मोठं उघडलं आणि म्हणाले, "मला मुलगा पसंत आहे."

"तुला कोणी विचारलं?" मामा ओरडला.

"कोणी विचारत नाही म्हणूनच सांगतेय."

खाली मोर्च्याची शेपटी अजून चालली होती, तिचा आवाज वर येत होता. काका दारात, चपला शोधत. मुलाची आई त्याला दंडाला धरून ओढत होती, "ऊठ रे, ऊठ." तो उठला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, काळ्या दातासकट हसला, आणि गार झालेल्या पोह्यांची बशी पुढे ओढून खायला लागला.